महाराष्ट्रातील परिचर्या संशोधन व परिचारिका शिक्षण

महाराष्ट्रातील परिचर्या संशोधन म्हणजे राज्यातील रुग्णालये, परिचर्या महाविद्यालये व ग्रामीण आरोग्यसेवा यांमध्ये रुग्णसेवेच्या पद्धतींची केली जाणारी शास्त्रीय तपासणी होय. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला किती वेळाने कुशीवर वळवावे, शस्त्रक्रियेपूर्वी त्याला काय सांगावे, वेदनेची नोंद कशी घ्यावी, नवजात बाळाची ऊब कशी राखावी, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, हे या शाखेचे प्रश्न आहेत. वैद्यकीय संशोधनाचा भर रोग व उपचार यांवर असतो. परिचर्या संशोधन रुग्णाच्या चोवीस तासांचा विचार करते.

या शाखेचा परिचारिकांच्या शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. प्रशिक्षणाच्या आरंभापासून विद्यार्थिनी कक्षातच शिकत आल्या आणि कक्षातील कामाचा मोठा वाटाही त्यांनीच उचलला. त्यामुळे विद्यार्थिनी ही शिकणारी की राबणारी, आणि तिला शिकवले जाते त्याने रुग्णाचे खरोखर भले होते का, हे दोन प्रश्न या विषयात वारंवार एकमेकांत गुंतलेले आढळतात.

संज्ञा

‘परिचर्या’ व ‘शुश्रूषा’ हे दोन्ही शब्द मराठीत रूढ आहेत. शासकीय व विद्यापीठीय व्यवहारात पहिला अधिक वापरला जातो. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा असून त्यावरून आज्ञापालन व सेवा हे अर्थ आले. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. ज्ञानाचा निर्देश त्यात आरंभीच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढील काळात परिचारिकेच्या गौरवात मायेचाच उल्लेख अधिक झाला.

राज्याच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका ही पदे चढत्या क्रमाने आहेत. शिकवणाऱ्या परिचारिकेला पाठ्यनिर्देशिका म्हणतात. कक्षात मात्र रुग्ण व नातेवाईक सर्वांना ‘सिस्टर’ याच नावाने हाक मारतात.

जागतिक पार्श्वभूमी

आधुनिक परिचर्या संशोधनाचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून मानला जातो. क्रिमियन युद्धात 1854 पासून त्यांनी सैनिकांची शुश्रूषा केली. परतल्यावर त्यांनी मृत्यूंची आकडेवारी मांडून, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे आकृतीच्या साहाय्याने दाखवून दिले. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. भारतातील सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगाच्या 1863 च्या अहवालासाठीही त्यांनी मोठे काम केले. मात्र त्या भारतात कधीच आल्या नाहीत.

त्यांच्या शाळेचे अनुकरण जगभर झाले, पण आकडेवारीचा वारसा मागे पडला. प्रशिक्षण शाळा रुग्णालयाच्या मालकीची असे आणि विद्यार्थिनींच्या श्रमावर रुग्णालय चाले. अमेरिकेत 1923 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने ही विसंगती प्रथम विस्ताराने मांडली: रुग्णालयाची गरज आणि विद्यार्थिनीचे शिक्षण यांत संघर्ष आला की माघार शिक्षणच घेते. लंडनमधील एका रुग्णालयाचा अभ्यास करून इझाबेल मेंझीस यांनी 1960 च्या सुमारास आणखी एक बाजू दाखवली. रुग्णाच्या दुःखाची झळ लागू नये म्हणून परिचर्येचे तुकडे पाडले जातात. एकीने सर्वांचे तापमान घ्यायचे, दुसरीने सर्वांची अंथरुणे बदलायची. त्यामुळे कोणत्याही विद्यार्थिनीला एक संपूर्ण रुग्ण कधी भेटतच नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. या विषयाला वाहिलेले ‘नर्सिंग रिसर्च’ हे नियतकालिक अमेरिकेत 1952 मध्ये सुरू झाले.

महाराष्ट्रातील प्रशिक्षणाचा आरंभ

मुंबईत स्त्रिया व मुले यांच्यासाठी 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. जे. जे. रुग्णालयातही याच सुमारास प्रशिक्षण सुरू झाले होते. 1891 मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख परिचर्येच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. मिरज येथे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय व 1897 मध्ये परिचर्या शाळा सुरू केली. त्याच 1897 सालच्या मार्चमध्ये पुण्याच्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा संसर्गाने मृत्यू झाला.

उच्चवर्णीय हिंदू समाजात या व्यवसायाला मोठा विरोध होता. परपुरुषाला स्पर्श करणे, मलमूत्र हाताळणे, सर्व जातींच्या रुग्णांमध्ये वावरणे आणि रात्रपाळी या सर्वच बाबी आक्षेपार्ह समजल्या जात. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. संस्थेने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले आणि त्यांच्यासाठी वसतिगृहाची व्यवस्था केली. वसतिगृह ही येथे दुय्यम सोय नव्हती. घराबाहेर राहण्याची प्रतिष्ठित जागा मिळाल्याशिवाय घरचे लोक मुलीला अगर सुनेला रुग्णालयात पाठवण्यास तयार होत नसत.

मुंबई प्रांतात परिचारिका, सुइणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्ये झाला. देशपातळीवर 1946 च्या भोर समितीच्या अहवालाने परिस्थितीचे चित्र स्पष्ट केले: सुमारे 43,000 लोकसंख्येमागे एक परिचारिका. समितीने हे प्रमाण 500 लोकांमागे एक असे करण्याचे उद्दिष्ट सुचवले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 चा आहे, तर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 चा. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय मुंबईत 1964 मध्ये सुरू झाले. परिचर्या हा केवळ रुग्णालयात गिरवण्याचा धडा नसून विद्यापीठात अभ्यासण्याचा विषय आहे, ही भूमिका त्यामुळे राज्यात रुजली. 1998 मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न झाली.

शय्याव्रण: रूढी आणि पुरावा

परिचर्या संशोधनाने शिक्षणात काय बदल घडतो, हे समजून घेण्यासाठी शय्याव्रणाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. एकाच स्थितीत पडून राहिल्याने माकडहाड, टाच, कंबरेचे हाड अशा जागी त्वचेवर दाब पडतो, रक्तपुरवठा खंडित होतो आणि जखम होते. रुग्णालयात तिला ‘बेडसोर’ म्हणतात. अर्धांगवायू, पाठीच्या कण्याची दुखापत, खुब्याचा अस्थिभंग आणि वार्धक्य यांमध्ये ती विशेषेकरून होते, आणि एकदा झाली की महिनोन्महिने भरत नाही.

परिचारिकांच्या अनेक पिढ्यांना यावर एकच उपाय शिकवला गेला: स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि वर पावडर टाकायची. सकाळच्या पाळीतील हे ठरलेले काम होते व परीक्षेतही ते करून दाखवावे लागे. लंडनमधील डोरीन नॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या परिचर्येवरील आपला अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध केला. त्वचेला काय लावले यापेक्षा रुग्णाला ठराविक वेळाने वळवले की नाही, यावर व्रण होणे अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासातून धोका मोजण्याची नॉर्टन श्रेणी निघाली. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण दिले जातात. बेरीज जितकी कमी तितका धोका अधिक. 1987 मध्ये आलेल्या ब्रेडन श्रेणीत सहा बाबी आहेत आणि त्यांत पोषण, त्वचेचा ओलावा व घर्षण यांचाही विचार आहे. हाडाच्या उंचवट्यावर जोराने चोळण्याने नाजूक झालेल्या ऊतींना उलट इजा होऊ शकते, म्हणून आता तसे न करण्याचा सल्ला दिला जातो.

प्रत्यक्षात मात्र दर दोन तासांनी वळवण्याचे पथ्य पाळणे श्रेणी भरण्याइतके सोपे नाही. बेशुद्ध किंवा धिप्पाड रुग्णाला एकटी परिचारिका वळवू शकत नाही. रात्रपाळीत भरलेल्या कक्षाला एक-दोन अधिपरिचारिका व काही विद्यार्थिनी असल्या, तर हे काम नातेवाइकांवर किंवा कक्षातील मावशींवर येऊन पडते. म्हणूनच परिचर्येचा दर्जा आणि मनुष्यबळ यांचे नाते हा संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला आहे. लिंडा एकन व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या नऊ युरोपीय देशांच्या अभ्यासात 300 रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की भरतीपासून 30 दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. तर पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी अधिक असेल तेथे ती 7 टक्क्यांनी कमी होती. शिक्षणाचा संबंध थेट रुग्णाच्या जिवाशी जोडणारा हा अभ्यास असल्याने परिचर्या शिक्षणाच्या चर्चेत त्याचा आधार वारंवार घेतला जातो.

अरुणा शानबाग यांची परिचर्या

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयाच्या आवारातच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. या घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी सुरक्षित कामाच्या मागणीसाठी संप केला. पुढील जवळजवळ 42 वर्षे, 18 मे 2015 रोजी न्युमोनियाने निधन होईपर्यंत, शानबाग याच रुग्णालयात होत्या.

त्यांच्या दयामरणासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी दिलेला निकाल कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परिचर्येच्या दृष्टीने त्यातील दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या पथकाला तपासणीत त्यांच्या अंगावर शय्याव्रण आढळले नाहीत; कुपोषणाची किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणेही त्वचेवर नव्हती. सदतीस वर्षे अंथरुणावर असलेल्या व्यक्तीबाबत ही नोंद असामान्य आहे. दुसरे म्हणजे, शानबाग यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार न्यायालयाने याचिकाकर्तीऐवजी त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गाचा मानला.

ज्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही सेवा हाती घेतली, त्या कालांतराने निवृत्त झाल्या. हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा परिचारिकांनी ती पुढे चालवली. भरवण्याची, वळवण्याची, स्वच्छतेची रीत एकीकडून दुसरीकडे हातोहात गेली. तिची सार्वजनिक नोंद प्रामुख्याने निकालपत्र आणि वृत्तपत्रे यांतूनच वाचायला मिळते, आणि तेथे ती निष्ठेची कथा म्हणून येते. निष्ठा होतीच, पण इतका काळ त्वचा अखंड राखणे हे कौशल्याचे काम आहे, आणि कौशल्य शिकवता येते. या दृष्टीने ही परिचर्या अभ्यासविषय म्हणून अधिक लक्ष वेधण्यास पात्र आहे.

घरातील परिचर्या: गडचिरोलीचा प्रयोग

काटेकोर अर्थाने परिचारिकांचे नसलेले, परंतु परिचर्येविषयीचे राज्यातील सर्वाधिक गाजलेले संशोधन गडचिरोली जिल्ह्यात झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील स्थानिक स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले आणि 47 गावांशी तुलना केली. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, श्वास अडकल्यास उपाय करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे ही कामे त्यांना शिकवली होती. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात 62 टक्के घट झाली. पुढे आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबवलेल्या घरगुती नवजात देखभाल कार्यक्रमाला याच कामाचा आधार मिळाला.

अभ्यासक्रम आणि विद्यार्थी संशोधन

राज्यात सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, तीन वर्षांचा सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका अभ्यासक्रम, चार वर्षांची बी.एस्सी. पदवी, पदविकाधारकांसाठी दोन वर्षांची मूलोत्तर पदवी, एम.एस्सी. आणि पीएच.डी. असे टप्पे आहेत. पदवी अभ्यासक्रमात परिचर्या संशोधन व सांख्यिकी हा विषय असून विद्यार्थ्यांना गटाने छोटा प्रकल्प करावा लागतो. एम.एस्सी.साठी प्रबंधिका अनिवार्य आहे.

या प्रबंधिकांचा एक ठरावीक साचा बनला आहे. एखाद्या विषयावरील ‘नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता’ पाहायची; आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतात, कारण नुकतेच सांगितलेले बहुतेकांना आठवते. त्या ज्ञानाने मधुमेहाच्या रुग्णाने पायाची काळजी घेतली का, मातेने बाळाला पहिल्या तासात पाजले का, हे पाहायला वेळ आणि परवानग्या लागतात. आणि विद्यार्थ्याजवळ दोन वर्षांतील मोजके महिने असतात. नमुना बहुधा लहान व सोयीने निवडलेला असतो. बहुतेक प्रबंधिका ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात आणि जेथे पाहणी झाली त्या कक्षापर्यंत त्यांचे निष्कर्ष पोहोचत नाहीत. तरीही या लहान प्रकल्पांचे मोल अगदीच नाकारता येत नाही. ‘असे का करायचे?’ हा प्रश्न परिसेविकेला विचारण्याची अधिकृत संधी विद्यार्थिनीला बहुधा प्रथम येथेच मिळते.

विद्यार्थिनींच्या कामाच्या तासांचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवरील समित्यांनीही हाताळला आहे. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने 1980 च्या दशकाच्या अखेरीस परिचारिकांची सेवास्थिती व शिक्षण यांचा आढावा घेतला. सामानाची मोजदाद, कागदपत्रे, कपड्यांचा हिशोब अशा परिचर्येतर कामांत परिचारिकेचा जाणारा वेळ हा तेव्हापासून चर्चेत असलेला विषय आहे.

भाषेचा प्रश्न

परिचर्येचे उच्च शिक्षण इंग्रजीत होते आणि रुग्ण मराठीत बोलतो. संशोधनाची साधने बहुतेक इंग्रजीत तयार झालेली असल्याने त्यांचे मराठी भाषांतर, मग दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर आणि दोहोंची तुलना अशी पद्धत अवलंबली जाते. तरीही अडचणी उरतात. वेदनेच्या प्रश्नावल्यांमध्ये दुखण्याच्या प्रकाराला महत्त्व असते. मराठीत कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, शिणक भरते, आग होते, मुरडा येतो, सल राहतो. यांतील काही शब्दांत दुखण्याची जागाही अध्याहृत असते. मुरडा पोटातच येतो आणि ठणका बहुधा दात, गळू अथवा जखम यांना लागतो. शून्य ते दहा या श्रेणीवर आकडा सांगण्याची सवय नसलेला वृद्ध रुग्ण ‘बरं आहे, बाय’ असे म्हणून मोकळा होतो. ते उत्तर सौजन्याचे की वस्तुस्थितीचे, हे नोंदवहीतून कळत नाही.

संमतीपत्राचेही तसेच. शब्दशः भाषांतरित संमतीपत्र सही करणाऱ्याला अनेकदा समजत नाही, आणि सहीचा निर्णय रुग्णाऐवजी मुलगा किंवा पती घेतो. विद्यार्थिनी ज्या कक्षात सेवा देते तेथीलच रुग्णांना अभ्यासात घेते, तेव्हा नकार दिला तर सेवेत हयगय होईल अशी भीती रुग्णाला वाटू शकते. नैतिक समितीच्या मान्यतेची अट यासाठीच असते.

सिंधुदुर्ग व दक्षिण कोकण

1 मे 1981 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा परिचर्येच्या प्रश्नांचा एक वेगळा नमुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे वैद्यकीय काम चालू होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे पुढे अध्यक्ष झालेले रॉबर्ट गोहीन यांचा जन्म 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच, तेथील मिशनरी डॉक्टरच्या घरी झाला. अलीकडच्या काळात कुडाळ येथे बॅरिस्टर नाथ पै यांच्या नावाच्या शिक्षण संस्थेतर्फे परिचर्येचे शिक्षण दिले जाते.

मुंबई-गोवा महामार्गावरील नांदगाव, कणकवली, कुडाळ अशा गावांतील अत्यवस्थ रुग्णाला दीर्घकाळ गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे नेण्यात येत आले आहे. रुग्ण बरा होऊन परतला की ड्रेसिंग, नळीची निगा, व्यायाम आणि पथ्य यांची जबाबदारी घरावर येते. घरातील कर्ती माणसे मुंबईला व गावी वृद्ध आईवडील, अशी अनेक घरांची स्थिती असल्याने ही निगा सत्तरीतल्या पत्नीच्या किंवा शेजाऱ्यांच्या हाती असते. घरी सोडताना रुग्णाला व त्याच्या माणसांना नेमके काय आणि कोणत्या भाषेत सांगावे, हा येथील परिचर्येचा कळीचा प्रश्न आहे. त्यात मालवणी समजणे विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकाइतकेच उपयोगी पडते.

जिल्ह्याचे काही आजारही खास आहेत. भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. 2016 पासून दोडामार्ग तालुक्यात माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगलताप, दिसू लागला. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या रोगात जंगलात व काजूच्या बागांत जाणाऱ्यांना अंगाला प्रतिबंधक तेल लावणे, घरी आल्यावर अंग व कपडे तपासणे आणि मेलेले माकड दिसल्यास कळवणे हे सांगावे लागते. हे काम मुख्यतः उपकेंद्रातील परिचारिका व आशा कार्यकर्तींकडे असते.

कायद्यातील बदल

संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम संमत केला. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणाऱ्या या अधिनियमात राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग आणि शिक्षण, मूल्यमापन व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळे यांची तरतूद आहे. परिचर्या व प्रसाविका व्यवसायातील संशोधनाचा विकास हाही अधिनियमाच्या उद्देशांत समाविष्ट आहे.